कंगवा कुणाच्या हातात

इंदूरच्या विजय नगरात पार्लर चालवायचं तर गिऱ्हाइकाच्या आधी तिचं मूल सांभाळता यावं लागतं. शनिवार-रविवारी आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींबरोबर दीड-दोन-तीन वर्षांचं पोर असतंच. सासू-सासरे जुन्या इंदूरला, रामबागेत नाहीतर लोकमान्य नगरात. नवरा-बायको इकडे स्कीम नंबर ५४ मध्ये नाहीतर ७४ मध्ये. सुट्टीच्या दिवशी मुलाला ठेवणार कुणाकडे? मग आई खुर्चीत, मुळांना रंग लावलेला, अर्धा-पाऊण तास हलायची सोय नाही, आणि पोराचा हात माझ्या ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात.

त्या कप्प्यात कात्र्या असतात, ब्लेड असतं, ॲसिटोनची बाटली असते. शेजारी वॅक्स हीटर तापत असतो. पोराच्या हातात काहीतरी दुसरं द्यायलाच हवं, म्हणून मी कोपऱ्यात खेळण्यांचा खोका ठेवायला लागले. पहिली खरेदी राणीपुऱ्यातून केली. ठोक बाजारातला तो दुकानदार पार्लर म्हणताच खूश झाला. "दीदी, पार्लर में तो यही चलेगा," म्हणत त्यानं गुलाबी डबे काढले. बदामाच्या आकाराचा आरसा, प्लास्टिकचा ड्रायर, टोपी निघणारी बुटकी लिपस्टिक, जिच्यात रंग नाही, नुसती लाल कांडी. रिकामी नेलपॉलिश, दोन रोलर, एक क्लिप, एक कंगवा.

तेव्हापासून माझे हात कुणाच्या तरी भुवयांवर असतात आणि डोळ्याचा कोपरा त्या खोक्यावर. त्यामुळेच असेल, मुलीच्या दुसऱ्या वाढदिवसाला मेकअपचा सेट आणावा का, हे बायका मला विचारतात. पार्लरवाली आहे म्हणजे हो म्हणेल, अशी त्यांची खात्री असते. माझं उत्तर जरा लांबतं, थ्रेडिंगच्या वेळात बसत नाही.

आधी तोंडाचं बोलते. दीड वर्षाचं मूल हातात येईल ते तोंडात घालतं. बाकी कुठलीही वस्तू तोंडाशी गेली की आपण "छी छी, थू कर" म्हणत ती काढून घेतो. लिपस्टिक हे एकच खेळणं असं की ते तोंडाशी नेलं की घरातले टाळ्या वाजवतात. आई ओठाला लावते हे मुलानं पाहिलेलं असतं, आणि ओठाला लावणं आणि तोंडात घालणं यांतला फरक त्या वयाला कळायचा नसतो. कांडी चोखली जाते, टोपी चावली जाते, आणि आई खुर्चीतून कौतुकानं म्हणते, "बघा, कशी लिपस्टिक लावते!"

डब्याच्या कोपऱ्यात एक चिमुकलं चित्र असतं. गोलात एक चेहरा, बाजूला ०-३, वरून आडवी काट. बायका तो आकडा अकलेचा धरतात. "ती खूप चुणचुणीत आहे हो, तिला चार वर्षांच्या मुलांचं सगळं जमतं." ते खरंही असतं, पण काट मारलेली असते ती घशासाठी. खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं, तिरप्या तळाचं एक नळकांडं वापरतात. खेळण्याचा सुटा भाग न दाबता त्यात पूर्ण मावला, तर ते खेळणं तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायचं नाही. चार वर्षांच्या अकलेच्या मुलीचा घसा दोन वर्षांचाच असतो. लिपस्टिकची टोपी, नेलपॉलिशचं झाकण, खोट्या अंगठीचा खडा हे सगळं त्या नळकांड्यात आरामात जातं. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली. माझी राणीपुऱ्याची ती पहिली खरेदी त्याच्या आधीची. आता मी आधी खूण बघते, मग टोपी ओढून बघते, मग भाव करते.

दुसरा प्रकार खऱ्या रंगांचा. बारक्या बारक्या चौकोनांत चमकी घातलेली आयशॅडो, ओढून काढता येणारी नेलपॉलिश, स्ट्रॉबेरीच्या वासाचा लिप ग्लॉस. डब्यावर परी, युनिकॉर्न आणि 'किड्स'. हे डबे मॉलमध्येही मिळतात, वाढदिवसाच्या परतीच्या भेटीतही येतात. इथे मात्र मी धंद्याच्या जोरावर बोलते. मोठ्या बाईला नवा हेअर कलर लावायचा तरी आम्ही आधी कानामागे ठिपका लावून दोन दिवस थांबायला सांगतो. त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करा, ही सूचना रंगाच्या खोक्यावर छापणं कायद्यानंच भाग आहे. तरीही लग्नसराईत दरवर्षी कुणीतरी काळ्या मेंदीनं फोड आलेले हात घेऊन येतं. मेंदी हिरवी असते आणि लाल-तपकिरी रंगते. मिनिटांत कुळकुळीत काळी होते तेव्हा तिच्यात बहुधा हेअर डायमधलं पीपीडी मिसळलेलं असतं. वर्षानुवर्षं एकाच जागी टिकली लावणाऱ्या बायकांच्या कपाळावर पांढरा डाग उमटलेला मी पाहिला आहे. टिकलीच्या मागच्या डिंकातल्या एका रसायनाचा तो परिणाम. हे सगळं चाळीस-पन्नास वर्षांच्या राकट कातडीचं. दोन वर्षांच्या मुलाची त्वचा पातळ असते, वजनाच्या मानानं तिचा पसारा मोठा असतो, आणि गालाला लावलेलं संध्याकाळपर्यंत बोटांवाटे पोटात जातं. डब्यावर 'वॉशेबल' लिहिलेलं असतं ते फ्रॉकसाठी असतं. पोटासाठी कुणी काही लिहीत नाही.

आणि हे फक्त आपल्या बाजारांपुरतं आहे असं समजू नये. २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं क्लेअर्स या साखळी दुकानांतल्या तीन प्रसाधनांत ॲस्बेस्टॉस सापडल्याचं जाहीर केलं. शाळकरी पोरींची ही लाडकी दुकानं. ॲस्बेस्टॉस येतं ते बहुतेक टाल्कमधून. जमिनीत ही दोन खनिजं एकमेकांच्या शेजारी सापडतात. पावडर, ब्लशर, आयशॅडो, जे जे म्हणून भुरभुरीत, त्यात टाल्क असायची शक्यता मोठी. आपल्याकडे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत, शिसं आणि आर्सेनिक असलेल्या रंगांना त्यात बंदी आहे, डब्यावर उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि घटकांची यादी असावी लागते. माझ्या हातात आलेल्या स्वस्त किड्स किटांच्या पाठीवर कितीदा तरी यातलं काहीच नव्हतं. परी मात्र छान छापलेली होती.

हे मी एका गिऱ्हाइकाला सांगत होते तेव्हा तिच्या सासूबाई मान डोलावत होत्या. "बघ, मी म्हणत नव्हते? एवढ्याशा पोरीला कसली लिपस्टिक! आमच्या वेळी नव्हती असली थेरं." त्यांच्या मांडीवर त्याच घरातलं सहा महिन्यांचं बाळ होतं. डोळ्यांत काजळ ओसंडून गालापर्यंत आलेलं, भुवया काजळानं कोरलेल्या, कपाळाच्या कडेला रुपयाएवढी तीट. सूनबाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी दोरा दातात धरून गप्प राहिले. पण खरं बोलायचं तर प्लास्टिकच्या कोरड्या कांडीपेक्षा त्या काजळाची भीती मला जास्त वाटते. सुरम्यात शिसं सापडल्याच्या नोंदी जगभर आहेत. शिशाची बाळांना चालेल अशी कुठलीही मात्रा नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ शिशाचं नसलं, तरी ते घालणारं बोट डोळ्यात जातंच. बालरोगतज्ज्ञ नको म्हणतात. आज्या ऐकत नाहीत. तीट तळपायाला लावा, असं मी सुचवते. नजर लावणारे तिथे कशाला बघतात, असा त्यावर प्रतिप्रश्न येतो, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

तिटीवरून आरशाकडे येते. माझ्या पार्लरमध्ये समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर आरसे आहेत, आणि लहान मुलं आरशाचं काय करतात हे बघायला यापेक्षा चांगली जागा नसेल. वर्षाचं मूल आरशातल्या बाळाला थापट्या मारतं, हसतं, वाकून आरशाच्या मागे कोण आहे ते शोधतं. स्वतःच्या गालावरच्या तिटीकडे त्याचं लक्षही नसतं. माझ्याकडे येणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं की यावर मानसशास्त्रात एक गाजलेला प्रयोग आहे. १९७२ साली ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी तीन ते चोवीस महिन्यांच्या मुलांच्या नाकावर नकळत रूजचा ठिपका लावला, त्यांना आरशापुढे आणलं आणि हात कुठे जातो ते पाहिलं. साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान मुलं आरसा सोडून स्वतःचं नाक चाचपू लागतात. आतला चेहरा आपला आहे हे तेव्हा कळलेलं असतं. रूज! आमच्या धंद्यातली वस्तू. मला हसूच आलं. मराठी घरांत हा प्रयोग तिटीनं रोज चालतो, नुसती कुणी नोंद ठेवत नाही.

म्हणजे आरशातला चेहरा आपलाच आहे हे ज्याला अजून उमगलं नाही, त्या मुलाला नटण्याचा अर्थ काय कळणार? त्याच्या ओठाला लावलेला रंग त्याच्यासाठी नसतोच. तो फोटोसाठी असतो.

दोन वर्षांनंतर चेहरा ओळखू येतो. आता तरी मुली स्वतःला रंगवत बसत असतील असं कुणालाही वाटेल. माझ्या कोपऱ्यात तसं घडत नाही. खोक्यातला बदामी आरसा बहुतेक वेळ उपडा पडलेला असतो. लिपस्टिकची कांडी दोनदा फिरवून झाली की संपली; तिचं दुसरं काही होत नाही. झिजतो तो कंगवा. त्याच्या खालोखाल पाण्याचा रिकामा स्प्रे, मोठ्या क्लिपा आणि टॉवेल. मूल टॉवेल घेऊन कुणाच्या तरी मागे जातं, तो खांद्यावर टाकायचा प्रयत्न करतं, डोकं खाली दाबतं, फुस्स फुस्स करतं आणि विंचरायला लागतं. माझ्या हाताखालच्या मुलीचं डोकं, दुसऱ्या बाईबरोबर आलेल्या आजोबांचं टक्कल, बाहुली, सोफ्याची उशी, कुणीही चालतं. एक पावणेतीन वर्षांची छोकरी तर विंचरता विंचरता "दर्द हो रहा है?" असं विचारायची, अगदी मी वॅक्सिंग करताना विचारते त्याच आवाजात.

हे लक्षात आलं तेव्हापासून मी या खेळण्यांकडे वेगळ्या नजरेनं बघते. आपण समजतो की मूल आईची नक्कल करतंय, त्याला सुंदर दिसायचंय. पार्लरमध्ये आई तर खुर्चीत डोळे मिटून नुसती बसलेली असते. तिची नक्कल करण्यासारखं काय आहे? हालचाल माझी असते. कात्री माझ्या हातात, कंगवा माझ्या हातात, "मान खाली" म्हणण्याचा अधिकार माझा. मुलाला मी व्हायचं असतं. त्याला काम करायचं असतं, आणि तेही असं काम, ज्यात दुसऱ्याच्या डोक्याला हात लावायला मिळतो. घरीसुद्धा बहुधा हेच असावं. आई आरशासमोर तयार होते तेव्हा मुलाला तिचा चेहरा दिसतो त्याहून तिचे हात जास्त दिसतात.

म्हणून माझा भरवसा कंगव्यावर आहे, ड्रायरवर आहे, रोलरवर आहे. केस सारखे करायचे, भाग पाडायचे, गुंतवळ सोडवायची, रबर लावायचा. दोन वर्षांच्या बोटांना रबराचा दुसरा वेढा घालता येत नाही, तीन वर्षांच्या बोटांना कधी कधी येतो, आणि आला की ते पोर जे तोंड करतं ते बघण्यासारखं असतं. शिवाय समोर दुसरं माणूस लागतं, त्याला दुखतंय का ते बघावं लागतं. लिपस्टिकच्या सेटमध्ये यातलं काही नाही. तिथे मूल एकटं आणि त्याचा चेहरा.

यात मुलगे-मुली हा भेद मला तरी तीनच्या आधी दिसलेला नाही. मुलगे तितक्याच आवडीनं विंचरतात, रोलर तर त्यांना जास्त आवडतात कारण ते घरंगळतात. भेद आणायला बाबा येतात. संध्याकाळी बायकोला न्यायला आलेल्या एका गृहस्थांनी मुलाच्या हातात ड्रायर पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "ये क्या लड़कियों वाला खेल," म्हणाले, मग माझ्याकडे बघून मराठीत, "काकू, याला बॉल वगैरे नाही का काही?" बॉल होता, दिला. त्यांची बायको हसत म्हणाली की याच मुलाचा जावळ काढण्याआधीचा फोटो आमच्या हॉलमध्ये लावला आहे, फ्रॉक घालून, मोगऱ्याची वेणी माळून, आणि तो हौसेनं यांनीच काढला आहे. ते खरंच, आपल्या कितीतरी घरांतल्या बाप्यांचे असे फोटो आहेत. शिवाय हे गृहस्थ दर महिन्याला ज्याच्यापुढे मान तुकवून बसतात तो न्हावी पुरुषच असणार. ड्रायर चालवणं हे बायकी काम आहे हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

एवढं सगळं नीट चाललेलं असतं, आणि मग कुणीतरी मोठं माणूस बोलतं.

एक मुलगी मन लावून उशीला विंचरत होती. वय साडेतीनच्या आत-बाहेर. फेशियलला आलेल्या एका बाईंनी तिला उचललं, खऱ्या आरशापुढे धरलं, ट्रॉलीवरची एक लिपस्टिक घेऊन तिच्या ओठांना हलकीच टेकवली. "हाय, कितनी सुंदर लग रही है! बिल्कुल हीरोइन!" दोन-तीन फोन निघाले. कुणी ओठांचा चंबू करायला सांगितलं, तिनं केला. खाली उतरवल्यावर ती परत उशीकडे गेली नाही. खुर्च्यांमधून एकेकीपुढे जाऊन उभी राहिली, तोंड वर करून, चंबू करून. आता तीच गिऱ्हाईक झाली होती. कारागिराला कामावरून उठवून शोकेसमध्ये बसवल्यासारखं मला वाटलं, आणि ते काम खेळण्यानं केलं नव्हतं.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा मुलींच्या लैंगिकीकरणावरचा २००७ चा अहवाल या चर्चांमध्ये पुष्कळदा पुढे केला जातो. मुलींना लहान वयात दिसण्यावरून तोलायला शिकवलं की पुढे त्या स्वतःलाही तसंच तोलतात, असा त्याचा रोख. त्यातला बराचसा अभ्यास मोठ्या मुलींचा आणि तरुणींचा आहे. दोन वर्षांच्या पोरीनं प्लास्टिकचा ड्रायर फिरवला म्हणून तिचं आयुष्य वाकडं होईल, असं त्यावरून काढणं मला ओढूनताणून वाटतं. पण ती आरशापुढची पाच मिनिटं मी रोजच्या धंद्यात बघते, आणि त्यांची मला धास्ती वाटते. म्हणून कोपऱ्यात खेळणाऱ्या मुलाला "छान दिसतेस" म्हणायचं नाही, असं मी माझ्या मुलींना, म्हणजे हाताखालच्या स्टाफला, सांगून ठेवलं आहे. "छान विंचरलंस" म्हणायचं. गिऱ्हाइकांना सांगता येत नाही.

माझ्या आजीकडे फणेरपेटी होती. शिसवी लाकडाची, झाकण उघडून टेकवलं की आतला आरसा उभा राहायचा. खालच्या कप्प्यांत फणी, कंगवा, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी. रामबागेतल्या तिच्या घरात दुपारी ती पेटी उघडली की आम्ही नातवंडं भोवती. करंड्याला हात लावायचा नाही, कुंकू सांडलं तर आजीचा पारा चढायचा. कंगवा मात्र मिळायचा, आणि कंगव्याबरोबर आजीचं डोकं. तिचे पांढरे केस मोकळे सोडून आम्ही वाटेल तसे भांग पाडायचो आणि ती तशीच बसून वाती वळायची. आमच्या वेळी असली थेरं नव्हती म्हणतात त्यांना मला हे सांगावंसं वाटतं. थेरं होती, फक्त ती आजीच्या डोक्यावर चालायची.

बोरन्हाणाचंही तसंच. संक्रांतीनंतर इंदूरच्या मराठी घरांत बोरन्हाणं सुरू होतात, काळ्या झबल्यावर हलव्याचे दागिने, मुकुट, बासरी. हल्ली त्यासाठी बाळाला 'हलका टचअप' करून द्याल का, असे फोन येतात. ज्यांनी बोरन्हाण पाहिलंय त्यांना माहीत आहे की बाळ मुकुट पहिल्या मिनिटाला ओढून काढतं आणि हार चाटतं. खरी मजा डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतल्या की सुरू होते, जेव्हा बाकीची पोरं त्यावर तुटून पडतात आणि बाळही रांगत त्यांच्यात घुसतं. सजवलेलं असणं त्याला सोसावं लागतं. वेचणं त्याचं स्वतःचं असतं. टचअपला मी नाही म्हणते. हलव्याचे दागिने चाटले तरी साखरच आहे, एवढा तरी त्यात शहाणपणा आहे.

माझ्याकडे केस कापायला येणाऱ्या एक निवृत्त बालवाडी शिक्षिका आहेत. खोका बघून त्या म्हणाल्या, "तुझी ही निम्मी माँटेसरी झाली." मारिया माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि युद्धामुळे पुढची कित्येक वर्षं इथेच राहिल्या, हे मला त्यांच्याकडून कळलं. स्वतःचे केस विंचरणं, बटणं लावणं, हात धुणं हे माँटेसरीबाईंच्या पद्धतीत खेळ म्हणून नाही तर काम म्हणून येतं, आणि त्यासाठी खोट्या वस्तू नको, खऱ्याच पण मुलाच्या हाताला झेपतील अशा हव्यात, असा त्यांचा आग्रह. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या तेव्हा अंघोळ, नखं, केस ही शिक्षणाचीच सुरुवात धरली. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "मग प्लास्टिकचा कंगवा कशाला? चांगला रुंद दातांचा खरा ठेव." ठेवला. खोट्या ड्रायरला त्यांची हरकत होती, ती मात्र मी मानली नाही. खरा ड्रायर देता येत नाही, आणि तोंडानं "घुर्रर्र" असा आवाज काढण्यातली गंमत माँटेसरीबाईंनी पाहिली नसावी.

आता खोक्यात काय आहे ते सांगते, म्हणजे विचारणाऱ्यांची सोय होईल. रुंद दातांचे कंगवे, जे रोज संध्याकाळी धुतले जातात, कारण उवा हा विषय कुठल्याही मानसशास्त्राहून मोठा आहे. तारा कापलेला, वायर काढलेला एक जुना ड्रायर. आतलं सगळं इलेक्ट्रिशियनकडून काढून घेतलं आहे. मुठीत मावणार नाहीत एवढे जाड रोलर. रिकामे, नवे स्प्रे. केमिकलचे धुऊन वापरलेले नाहीत. छोटे टॉवेल. लांब केसांची एक कापडी बाहुली, जिचे केस लोकरीचे आहेत आणि इतके विंचरले गेले आहेत की दर दिवाळीला बदलावे लागतात. न फुटणारा एक मोठा आरसा भिंतीवर खाली लावला आहे, म्हणजे गिऱ्हाईक बनलेल्या भावाला बसवता येतं. लिपस्टिक, नेलपॉलिश, अंगठ्या नाहीत. कुणी घरून आणलीच तर हिसकावून घेत नाही. तीन वर्षांच्या पुढच्या मुलीनं बाहुलीच्या ओठाला कोरडी कांडी लावली तर त्यात मला काही वावगं दिसत नाही. खऱ्या रंगाचा डबा असेल तर आईच्या पर्समध्ये ठेवायला सांगते.

एवढं करूनही धंद्याची दुसरी बाजू सुटत नाही. चार वर्षांच्या मुलीच्या हातावरची लव वॅक्स करून द्या, असं म्हणणाऱ्या आया आहेत. "बच्चे चिढ़ाते हैं," हे कारण असतं. मी नाही म्हणते, त्या दुसऱ्या कुणाकडे तरी जातात, पुढच्या महिन्यात स्वतःच्या भुवयांसाठी परत माझ्याकडे येतात. त्यावर आम्ही दोघी बोलत नाही.

आणि दर हिवाळ्यात शाळांच्या गॅदरिंगच्या ऑर्डरी. खेळण्यातल्या लिपस्टिकवर घरात एवढी चर्चा करणारे आई-बाप इथे मात्र रांगेत उभे राहून तीन वर्षांच्या मुलांच्या ओठांना खरी लिपस्टिक लावून घेतात, एकच कांडी, चाळीस तोंडं. यंदा एका शाळेनं विचारलं आहे. नर्सरीचा नाच भाज्यांचा आहे: वांगी, भेंड्या, टोमॅटो. टीचर म्हणाल्या, "मॅडम, लिपस्टिक तो लगेगी, वीडियो में फेस दिखना चाहिए." मी म्हटलं, वांग्याला लिपस्टिक कशाला हवी, टोपी चांगली मोठी करा. नर्सरीचे फक्त केस बांधून देईन, तोंडाला काही लावणार नाही. केजीच्या पुढच्या मुलांचं बघू, तेही प्रत्येकाला वेगळा ब्रश. भाव मात्र पूर्ण चेहऱ्याचाच सांगितला आहे, कारण टोपी घालायला तयार नसलेल्या भेंडीचे केस बांधणं नवरीच्या अंबाड्यापेक्षा जास्त वेळ खातं. प्रिन्सिपलना विचारून कळवतो म्हणाल्या आहेत.